झुआलाची चाल

मागून झुआला येत होता. छुआनाला त्यात क्षणभरही शंका वाटली नाही, कारण अशी चाल सबंध ऐझॉलमध्ये दुसऱ्या कोणाची नव्हतीच. उजवं पाऊल टपकन पडायचं आणि डावं त्याच्या मागून घासत, नाखुशीने यायचं. टप्, स्सर्र. टप्, स्सर्र. उजाडून बराच वेळ झाला होता, पण मैदानावर धुकं असं ठाण मांडून बसलं होतं की पलीकडचा गोलपोस्टसुद्धा दिसत नव्हता. दरीच्या अंगाची उंच जाळी, डोंगराच्या अंगाची सिमेंटची भिंत, मधे फेऱ्या मारणारी पोरं, सगळंच पुसून गेलेलं. छुआना भिंतीलगतच्या फरशीच्या पट्टीवरून चालला होता. तो थांबला तशी मागची पावलंही थांबली. तो वळला. मागे कोणी नव्हतं. भिंतीवरून पाणी ओघळत होतं, आणि पोरं पार तिकडे जाळीच्या बाजूला एकमेकांना शिव्या घालत धावत होती. झुआलाला जाऊन वीसेक वर्षं झाली होती. त्याच्या खड्ड्यात माती लोटणाऱ्यांत छुआना स्वतः होता. तरी त्याच्या तोंडून हळूच निघून गेलं, "काय रे, आज इकडे कुठे?" आणि मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं. शिट्टी दातांत धरून तो कितीतरी वेळ नुसता उभा राहिला.

कान ही छुआनाची मिळकत. बाकीच्या क्लबांचे कोच मोबाइलवर खेळ टिपून घेतात, रात्र रात्र बघत बसतात, आलेख काढतात. काढोत बापडे. छुआना सरावाला आला की मैदानाकडे पाठ करायचा, डोळे मिटायचा आणि पोरांना धावायला सांगायचा. कोणाचं पाऊल जड पडतंय, कोण टाच टेकतोय, कोण वळताना बिचकतोय, हे त्याला पाठीमागून कळायचं, आणि त्यावरून तो संघ बांधायचा. वेंगातली, म्हणजे वस्तीतली, म्हातारी माणसंसुद्धा म्हणायची की छुआनाला चेंडू दिसत नाही, ऐकू येतो. पोरं मुद्दाम चिडवायची. "ऊ छुआना, आज माझी पावलं काय म्हणतायत हो?" 'ऊ' म्हणजे दादा, पन्नाशीला टेकलेल्या कोचालाही पोरं तेच म्हणत. छुआना मागे न बघता सांगायचा, "म्हणतायत, काल डुकराचं मटण दोनदा वाढून घेतलंय लेकाने." आणि ते खरं निघायचं, मैदान हसून हसून लोळायचं. पूर्वी तो एका जागी खांबासारखा उभा राहून ऐकायचा. आताशा उभं राहिलं की गुडघा आखडत होता, म्हणून तो भिंतीच्या कडेने येरझाऱ्या घालत ऐकायचा. गुडघ्याचं औषध चालू होतं. गोलमागच्या खोलीत फाटक्या जाळ्या आणि हवा गेलेले चेंडू पडलेले असत, दाराला आतून कडी होती. सरावाआधी तो तिथे जायचा, मांडीत इंजेक्शन घ्यायचा, भिंतीला डोकं टेकून जरा बसायचा, की मग बरं वाटायचं. आधी डॉक्टरने दिलं होतं, मग डॉक्टरने बंद केलं, मग ओळखीच्या एका माणसाने दिलं. औषध ते औषध, कोणी दिलं याला काय महत्त्व आहे. बायको पारी लेकीच्या बाळंतपणाला शिलाँगला जाऊन बसली होती, नाहीतर तिने उगाच चौकशा केल्या असत्या. बायकांना सवयच असते.

त्या दिवशी शनिवार होता, संध्याकाळपर्यंत संघाची नावं फुटबॉल लीगच्या कार्यालयात पोचवायची होती. एकदा नावं गेली की दार बंद, मग जानेवारीपर्यंत कोणाला आत नाही की बाहेर नाही. सगळी नावं ठरली होती. अडलं होतं ते डाव्या विंगवर. तिथे एकतर सेइया, नाहीतर मोया. वरच्या चहाच्या टपरीवर क्लबचे अध्यक्ष पू रोकिमा कुहवा, म्हणजे पानसुपारी, चघळत बसले होते, ओठ लालभडक. मोठ्या पुरुषाला 'पू' म्हणायचं, बाईला 'पी'. त्यांचं सिमेंटचं दुकान होतं आणि बोलणंही सिमेंटच्या गोणीसारखं, धपकन समोर टाकायचं. "हे बघ छुआना, सेइया घे. सेइया म्हणजे भात आणि उकडलेली भाजी. त्याने कोणाची जीभ खूश होत नाही, पण पोटही बिघडत नाही."

"भातभाजीवर लीग जिंकता येत नाही, पू रोकिमा."

"आणि मोया म्हणजे धुरी दिलेलं मटण, कबूल. पण ते आतून कधी नासेल कोणी सांगावं? व्यसनमुक्तीच्या कॅम्पमधून येऊन पोराला सहा महिने झाले नाहीत. मधेच पुन्हा सुरू झालं तर वेंगात तोंड दाखवायला जागा राहायची नाही. चर्चमधले वडीलधारे आधीच मला बघून घसा खाकरतायत." त्यांनी कुहवा थुंकला. "तुझे कान काय म्हणतात तेवढं सांग. तू म्हणशील ते मी लिहीन. पण मग जबाबदारी तुझी."

कालपर्यंत छुआना छाती पुढे काढून म्हणाला असता की हो, माझी. मोयाची पावलं त्याने अख्खा उन्हाळा ऐकली होती. हलकी, पटपट, आणि वळताना तर आवाजच नाही, नुसता वारा. असं पोर दहा वर्षांत एकदा निपजतं. आणि त्याला जागा मिळाली नाही तर तो जाणार कुठे, हेही छुआनाला ठाऊक होतं. दुसरा कुठलाही क्लब कॅम्पमधल्या पोराला हात लावणार नव्हता. मग सरहद्दीकडे मामाच्या ट्रकवर, आणि त्या ट्रकांवर काय काय चढतं-उतरतं ते सांगायला नको. मोयाला हे पक्कं माहीत होतं, त्याच्या आईला तर त्याहून जास्त. एका नावावर एक पोर उभं होतं. पण छुआना म्हणाला, "दुपारपर्यंत सांगतो." पू रोकिमांनी भुवया वर केल्या. छुआनाने उत्तराला वेळ मागितलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

कारण सकाळची ती पावलं अजून त्याच्या कानात होती. झुआला आणि तो एकाच संघात, एकाच वेळी, झुआला डावीकडे धावायचा आणि छुआना उजवीकडे. त्या काळी निम्मी पोरं नशेच्या चिखलात होती. दुखणं थांबवायच्या निळ्या कॅप्सूल फोडायच्या, पाण्यात कालवायच्या, आणि सुईने मांडीत. ते मांडीत नीट विरायचं नाही, आत कुजायचं. प्रत्येकाच्या मांडीत भोकं पडली होती. ज्याच्या खोलीत जावं तिथे तो वास, गोडसर, ओलसर, बंद डब्यात विसरलेल्या भाजीसारखा. झुआला तशा पायाने खेळायचा. भोकात कापसाचा बोळा कोंबून, वरून पट्टी आवळून. डावा पाय ओढत ओढत तो चेंडूपाशी यायचा, बचाववाल्याला वाटायचं हा संपला, आणि त्याच क्षणी झुआला कुठून कसा सुटायचा देव जाणे, दोघंतिघं बसकणच मारायची. लोक वेडे झाले होते. ते पाय ओढणं म्हणजे फसवायची युक्ती आहे अशीच सगळ्यांची समजूत होती. त्यांनी तिला नावसुद्धा दिलं, झुआलाची चाल. गल्लीगल्लीतली लहान पोरं डावा पाय घासत धावायची, आया वैतागायच्या की एकाच पायातला बूट झिजतो म्हणून. त्या पायात काय आहे हे फक्त छुआनाला माहीत होतं, कारण पट्टी तो बांधायचा. झुआला दात विचकून हसत म्हणायचा, "घट्ट बांध रे, नाहीतर जीव तिथून सांडायचा." एका नोव्हेंबरात तो सांडलाच. वेंगाच्या कर्ण्यावरून नाव पुकारलं गेलं, लोक त्याच्या घरी जमले, रात्रंदिवस गाणी झाली. पुढे तीन महिने संघाच्या खानावळीत पोरं त्याच्या जागेवर भाताचं ताट मांडायची. जुन्या काळी मिझो घरांत तसंच करत, मेलेलं माणूस तेवढे दिवस घरातच घुटमळतं म्हणून. चर्चला हे आवडण्यासारखं नव्हतं, पण पोरं आधी गंमत म्हणून करायला लागली आणि मग थांबवायची कोणाची छाती झाली नाही. छुआना त्याच सुमारास डोंगरातल्या कॅम्पमध्ये गेला, ओकला, थरथरला, दिवसभर भजनं म्हटली, आणि जिवंत परत आला. का आला आणि झुआला का नाही, याचा त्याने पुढे विचार केला नाही. असला विचार माणसाला भलतीकडे नेतो.

त्यामुळे सकाळी जे ऐकू आलं त्याची त्याला नुसती भीती वाटली असं नाही. आत कुठेतरी त्याला बरंही वाटलं, हे मान्य करायला हवं. घर रिकामं, पारी शिलाँगला, लेकीचा फोन आठवड्यातून एकदा. कोणीतरी मागून चालतंय, आणि ते आपल्या ओळखीचं आहे. चहा घेऊन तो पुन्हा मैदानात उतरला तेव्हा तो मुद्दाम भिंतीलगत गेला, आणि पाचपन्नास पावलांत झुआला आलाच. टप्, स्सर्र. छुआनाने पावलं झपाझप टाकली, मागची पावलंही झपाझप झाली. त्याला हसू येऊ लागलं. "ये, ये," तो पुटपुटला, "बघ तुझ्या जागेवर कोणाला घेतोय." आणि हे बोलता बोलताच तो जागच्या जागी थांबला. जागा डावी होती. ओढला जाणारा पाय डावा होता. मेलेल्या माणसाच्या पायाला कसली जखम आणि कसला भार? पाय ओढायला पाय लागतो. मांडीत भोक पाडून घेतलेला कोणीतरी आता, या मैदानावर, या धुक्यात धावत होता. छुआनाने वीस वर्षांत विसरू म्हणता न विसरलेला आवाज त्याला उगाच ऐकू आला नव्हता. कान चुकत नाहीत, कानाचा मालक चुकतो. भूत असतं तर परवडलं असतं. त्याला खरोखर वाटलं की देवा, भूतच असू दे.

"मोया!" त्याने हाक मारली.

धुक्यातून पोर धावत आलं, उंच, सडसडीत, ओठावर नुकती फुटलेली मिशी. छुआनाने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. बाहुल्या बघितल्या, नाकाखाली घाम आहे का बघितलं, हातांची नखं बघितली. हे सगळं तो रोज सगळ्यांचं बघायचा. कॅम्पमधून आलेल्या माणसाची ती खोड जन्मभर जात नाही. आज मात्र जरा जास्तच बघितलं गेलं.

"काय शोधताय, ऊ?" मोया हसत म्हणाला, पण हसू लगेच विझलं.

"पाय कसा आहे?"

"कुठला?"

"डावा."

मोयाने खाली पाहिलं, मग छुआनाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि तो बोलत नव्हता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. "नवा बूट आहे," तो शेवटी म्हणाला. "जरा चावतो."

"एवढंच?"

"माझ्या पायाचं एवढंच," मोया म्हणाला आणि तिथेच घुटमळला. "ऊ, तुम्ही बसा ना थोडं. मी पोरांना फेऱ्या घालायला लावतो."

छुआनाला हे बोलणं आवडलं नाही. गोड बोलून नजर दुसरीकडे वळवायची, ही सगळ्यांची पहिली युक्ती. त्याने आणि झुआलाने ती अख्ख्या वेंगावर वापरली होती. "मला काय झालंय बसायला? जा, धाव," तो खेकसला. पोर धुक्यात गेलं. छुआना भिंतीला टेकून, श्वास धरून ऐकत राहिला. मोयाची पावलं हलकी, पटपट येत होती, एकही पाऊल घासत नव्हतं. म्हणजे लेकाला कळलंय की आपण ऐकतोय, सांभाळून धावतोय. छुआना पुढे चालू लागला, आणि लागलीच, अगदी जवळ, टप्, स्सर्र. बघा, त्याने मनाशी म्हटलं, बघा सुटलं भान.

सराव संपवून तो खोलीत गेला, कडी लावली, गुडघ्याचं औषध घेतलं. सकाळी एकदा झालं होतं, पण दिवस कठीण होता. मांडीतली गाठ दुखत होती, स्नायूची असणार. त्या जागेवर सुई टोचवत नव्हती म्हणून त्याने जरा वर टोचली. मग डोकं भिंतीला टेकलं. डोळे मिटल्यावर त्याला झुआलाचं ताट दिसलं, भातावरची वाफ, आणि कोणीही न खाता तो भात हळूहळू खचत जाताना. बाहेर पोरं एकमेकांना ओल्या टॉवेलांनी झोडत होती. त्यांच्यातलं कोणीतरी पाय घासत चालल्यासारखं करत होतं आणि बाकीचे खिदळत होते. छुआनाने डोळे उघडले. ही पोरं झुआलाच्या वेळी जन्मलीसुद्धा नव्हती. त्यांना ही चाल शिकवली कोणी? दार उघडेपर्यंत सगळे पांगले होते. मोया तेवढा लांब उभा होता, आणि तो हसत नव्हता.

दुपारी धुकं उतरून खाली दरीत साचलं आणि वर ऊन पडलं. छुआना मोयाच्या घरी निघाला. रस्त्यावरून खाली वेंगात उतरायला दोन घरांच्या मधून अरुंद जिना जातो, दोन्हीकडे ओल्या भिंती, वर कपड्यांच्या दोऱ्या. झुआला इथेही आला. आता ऊन होतं, माणसं होती, कुठेतरी प्रेशर कुकर शिट्ट्या मारत होता, आणि तरीही तो एकेक पायरी मागे उतरत होता, उजवं पाऊल टपकन, डावं घासून. छुआना घामाने निथळला. दारात बसलेल्या बायका गप्प होऊन त्याच्याकडे बघत होत्या. चेहऱ्याकडे नाही, खाली बघत होत्या, मग एकमेकींकडे. त्याला वाटलं की त्यांना मागचा दिसतोय. एका म्हातारीने कुहवा कातरता कातरता विचारलं, "छुआना, बरा आहेस ना रे बाळा?" तो म्हणाला, "बरा आहे, पी. गुडघा जरा." म्हातारीने मान हलवली, सावकाश, दोनदा. कर्ण्यावरून कोणाच्या तरी मरणाची खबर चालली होती. नाव ऐकायला छुआना थांबला नाही.

मोयाची आई, पी थुआमी, पडवीत कोबीची पानं निवडत होती. छुआनाला बघून ती एवढ्या घाईने उठली की मांडीवरची पानं सगळी सांडली. "या, या, ऊ छुआना. मोया, कोण आलंय बघ! चहा टाक." आणि खुर्ची पुसता पुसताच, आवाज शक्य तितका साधा ठेवून, "नाव घातलंत ना?" ही बाई वर्षभर पोराच्या मागे कॅम्पच्या पायऱ्या चढली होती. त्याआधी तिने घरातली भांडी, घड्याळ, चर्चला घालायचा कपडा एकेक करून नाहीसा होताना पाहिला होता आणि शेजाऱ्यांना सांगितलं होतं की दुरुस्तीला दिलंय. छुआनाला हे सगळं माहीत होतं, म्हणूनच त्याला तिच्याकडे बघवेना.

मोया चहा घेऊन आला. कपाखाली बशी होती, बशीत चिकट भाताची वडी. छुआनाने कप हातात घेतला नाही. "मोया," तो म्हणाला, "पँट उतरव."

मोया चहाचं ताट हातात धरून तसाच उभा राहिला.

"मला तुझ्या मांड्या बघायच्यात. सकाळी मी ऐकलंय. झुआलाच्या पायाला पट्टी मी बांधत होतो, मला कोणी शिकवू नये. एकदा दाखव, आणि मग मी तुझं नाव घालतो नाहीतर सेइयाचं घालतो."

"ऊ छुआना," पी थुआमी म्हणाली. तिचा आवाज एकदम म्हातारा झाला. "मोया? बाळा, खरं का हे?"

मोयाचे कान लाल झाले होते. त्याने चहाचं ताट खाली ठेवलं, आईकडे पाठ केली आणि पँट उतरवली. पडवीच्या उन्हात तो उभा राहिला. मांड्यांवर जुने व्रण होते, फिकट, गोल, चामडी ओढून शिवल्यासारखे. छुआनाने गुडघे टेकून एकेक व्रण निरखला, अंगठ्याने दाबून पाहिला. सगळे सुकलेले. डावी मांडी कोरडी, टणक, स्वच्छ होती. टाचेला फक्त बुटाने फोड आला होता. छुआना तसाच खाली बसून राहिला. त्याला आनंद व्हायला हवा होता आणि होत नव्हता.

"मग चालत कोण होतं?" तो म्हणाला.

"कुठे?" पी थुआमीने विचारलं.

"मागे. सकाळपासून. आत्ता जिन्यावर सुद्धा. डावा पाय ओढत."

मायलेकरांनी एकमेकांकडे पाहिलं. मोयाने पँट वर घेतली, बटण लावलं, आणि तो छुआनाच्या समोर जमिनीवर बसला. "ऊ, रागावू नका," तो म्हणाला. "तुम्ही भिंतीकडेने चालता ना, ते आम्हाला सगळ्यांना ऐकू येतं. भिंत आवाज परत फेकते. महिना झाला. पोरं नकला करतात तुमची. मी नाही करत."

"गुडघा आहे तो."

"मला वास येतो, ऊ."

"औषधाचा असेल. गुडघ्याचं औषध चालू आहे."

"मी पण डोकेदुखीचं म्हणायचो," मोया म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. "सकाळी सांगणार होतो. भीती वाटली. म्हटलं, तोंड उघडलं तर माझं नाव जाईल. आईला काय सांगू?"

छुआना उठायला गेला. त्याला वाटलं आपण ताडकन उठून याच्या थोबाडीत देऊ, ऐझॉलभर आपले कान गाजलेत आणि हे कालचं पोर आपल्याला शिकवतंय. पण डाव्या पायाने साथ दिली नाही. तो पुन्हा खाली बसला, आणि बसताना पाय जमिनीवर घासला तो आवाज त्याने ऐकला. आजूबाजूला धुकं नव्हतं, भिंत नव्हती, मागे कोणी नव्हतं. आवाज त्याच्याच अंगातून आला होता. छुआनाला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती, झुआलाच्या मढ्याशेजारी बसतानासुद्धा नाही. "तुझं नाव घालतो मी," तो घाईघाईने म्हणाला. "आत्ता घालतो. तू कोणाला बोलू नकोस."

"तसं असेल तर नका घालू," मोया म्हणाला. त्याला ती जागा किती हवी होती हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि तरी तो तेच म्हणाला. "मी धावतो चांगला म्हणून घाला. नाहीतर सेइयाला घ्या. गप्प बसायचं म्हणून नको मला."

पी थुआमी उठली. पडवीतून रस्ता दिसतो आणि रस्त्यावरून पडवी. तिने आधी पडदा ओढला, मग दार लोटलं, कडी लावली. ही कामं तिने इतक्या वेळा केली होती की हात आपोआप चालत होते. "मोया, पाणी तापत ठेव. मीठ टाक त्यात," ती म्हणाली, आणि छुआनाकडे वळली. "आता तुम्ही."

छुआनाने पँट उतरवली. गाठ फुटली होती, कधी फुटली त्याला कळलंही नव्हतं. जखमेला चिकटलेलं आतलं कापड पी थुआमीने ओलं करून हलकेच सोडवलं. डाव्या मांडीत भोक होतं. ते त्याने ओळखलं. कडा तशाच, निळसर, आत वळलेल्या. तळाशी ते पांढरट. कितीतरी वेळा त्याने त्यात कापसाचा बोळा कोंबला होता, वरून पट्टी आवळली होती, फक्त तेव्हा पाय दुसऱ्याचा होता. आता वास त्यालाही आला. पी थुआमीने तोंड फिरवलं नाही. "झोंबेल," ती म्हणाली, आणि झोंबलं.

फोन वाजला तेव्हा तिने अर्धीच पट्टी गुंडाळली होती. पू रोकिमांचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "अरे कुठे आहेस? कार्यालय बंद व्हायची वेळ झाली. डावीकडे कोण, एका शब्दात सांग!"

"बियाकमोया," छुआनाने मोयाचं पूर्ण नाव सांगितलं.

"पक्कं? कानांनी ऐकलंस?"

"डोळ्यांनी बघितलंय. त्याचे पाय स्वच्छ आहेत. जबाबदारी माझी नका लिहू, त्याची त्यालाच घेता येते."

मोया चुलीपाशी पाठमोरा उभा होता. त्याने हातातलं भांडं खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं, मग पुन्हा ठेवलं. त्याच्या आईने नेसूला हात पुसले आणि ती पट्टीचं राहिलेलं टोक शोधू लागली; तिला ते लवकर सापडेना.

"लिहिलं," पू रोकिमा म्हणाले. "आणि सोमवारी जरा लवकर ये, कोचच्या नावापुढे सही लागते तुझी."

"सोमवारी मी नसेन."

"म्हणजे? शिलाँगला चाललास? नातवंड आलं की काय?"

छुआनाने तोंड उघडलं. किती सोपं होतं. नातवंड आलं म्हणायचं, पू रोकिमा पाठ थोपटतील, पोरं टाळ्या वाजवतील, आणि सोमवारी खोलीची कडी लावून घ्यायची. वाक्य जिभेवर तयार होतं, नीट बेतलेलं, गेले कित्येक महिने अशीच वाक्यं आपोआप तयार होत होती आणि त्यातलं एकही त्याला खोटं वाटलं नव्हतं. पी थुआमीने पट्टी आवळली, घट्ट, आणि वर न बघता गाठ मारली.

"हॅलो?" पू रोकिमा म्हणाले. "अरे बोल की."

"मी पुन्हा घ्यायला लागलोय," छुआना म्हणाला.